आधी बुडी कोणाची?

चपला हातात घ्या. पायात ठेवून उपयोग नाही. अंजनेरी मागं पडली की त्र्यंबकचा रस्ता संपतो आणि चिखल सुरू होतो. आधी घोट्यापर्यंत, मग मध्येच कुठेतरी थेट गुडघ्यापर्यंत. समोर ब्रह्मगिरी आहे म्हणतात. तुम्हाला दिसतंय ते नुसतं धुकं आणि त्यातून खाली सुटलेल्या चार-दोन पांढऱ्या धारा. पाऊस कधी थांबेल हे कुणाला विचारू नका. इथली माणसं त्यावर हसतात.

हे 1789 चं सिंहस्थ आहे. गुरू सिंह राशीत शिरला, की तेहतीस कोटी देव आणि देशातली झाडून सगळी तीर्थं गोदावरीत वस्तीला येतात असं म्हणतात. देवांचं माहीत नाही, पण माणसं आलीच आहेत. खानदेशातून, वऱ्हाडातून, गुजरातेतून, आणि ज्यांच्या बोलण्यातलं तुम्हाला फक्त ‘राम राम’ कळतं अशी कुठून कुठून उत्तरेतून. तुमच्या डाव्या हाताला एका गड्यानं म्हाताऱ्या बापाला पाठुंगळी घेतलंय. उजवीकडे बैलगाडी रुतलीय, गाडीवान बैलांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतोय आणि गाडीतली बाई पदराखाली विस्तवाचं मडकं सांभाळत बसलीय. डोंगरातला एक महादेव कोळी डोक्यावर पानांचं इरलं आणि इरल्याखाली लाकडाची मोळी घेऊन सगळ्यांच्या पुढे निघून जातो. आज गावात सुकं लाकूड म्हणजे सोनं. तुमच्या अंगावर घोंगडी आहे. भिजलेल्या घोंगडीचा वास काय असतो ते आता तुम्हाला जन्मभर कुणी सांगायला नको.

गावात शिरलात. शिरलात म्हणजे ढकलले गेलात. दोन्ही बाजूंच्या वाड्यांच्या ओसऱ्यांवर माणसं दाटीवाटीनं बसलीत, पायऱ्यांवर बसलीत, गोठ्यात गुरांच्या अंगाला अंग लावून झोपलीत. ओलं लाकूड धुमसतंय आणि त्या धुरानं डोळे चरचरतायत. धुरात नाचणीची भाकरी आहे, लसणाचा ठेचा आहे, पिंडांसाठी शिजलेल्या भाताची वाफ आहे, आणि मध्येच एखाद्या राहुटीकडून आलेला गांजाचा गोडसर, जड भपकारा. वर वानरं कौलांवरून उड्या मारतायत. त्यांना सिंहस्थ म्हणजे पेरू-केळ्यांची चंगळ. तुपाचा भाव विचारलात? विचारून झाला असेल तर पुढे चला.

एक हात तुमचं मनगट पकडतो. हे तुमचे तीर्थोपाध्याय. तुम्ही त्यांना निवडलेलं नाही, त्यांनी तुम्हाला निवडलंय. गाव आणि आडनाव सांगितलंत की झालं. बाजेवर बसवून ते कापडात गुंडाळलेली वही काढतात. तुमचं नाव तिच्यात नाही, अजून दोनशे वर्षं तरी असणार नाही. पण तुमच्या खापरपणजोबांच्या खापरपणजोबांचं आहे; कुठल्या गावचे, बरोबर कोण होतं, दान काय दिलं, सगळं. शेवटच्या रकान्याकडे बोट दाखवून गुरुजी तुमच्याकडे जरा जास्त वेळ बघतात.

संकल्प सोडता सोडता ते इथली कथा सांगतात. गौतम ऋषींनी या डोंगरात तप केलं, दुष्काळात सगळ्यांना पुरेल एवढं पाणी मिळवलं, आणि आजूबाजूचे ऋषी इथंच राहायला आले. मग पाणवठ्यावर भांडण झालं. आश्रमातले शिष्य पाणी भरायला गेले, तर इतर ऋषिपत्न्या म्हणाल्या, आधी आम्ही. अहल्येला मधे पडावं लागलं. बायकांनी घरी जाऊन नवऱ्यांचे कान भरले, नवऱ्यांनी गणपतीला गळ घातली, आणि एक मरतुकडी गाय गौतमाच्या शेतात आली. त्यांनी गवताच्या काडीनं हाकलली तर ती मेलीच. गोहत्येचा आळ आला. ते पाप धुवायला गौतमानं शंकराकडून गंगा मागून आणली. ती ब्रह्मगिरीवर उतरली, निसटायला लागली, तेव्हा कुश अंथरून त्यांनी तिला अडवली. तेच हे कुशावर्त. शिवपुराणातली ही गोष्ट गुरुजींनी हजारदा सांगितलेली असावी, कारण सांगताना त्यांचं लक्ष पुढच्या यजमानावर आहे. तुम्ही मात्र ‘आधी आम्ही’ हे दोन शब्द लक्षात ठेवा. या नदीचा जन्मच त्या भांडणातून आहे, आणि उद्या सकाळी तेच भांडण पुन्हा होणार आहे, तलवारी घेऊन.

संध्याकाळ आहे तोवर गाव बघून घ्या. त्र्यंबकेश्वराचं देऊळ अजून नवं कोरं आहे. नानासाहेब पेशव्यांनी काढलेलं काम तीस-एक वर्षं चाललं आणि नुकतं कुठे हातावेगळं झालंय. काळ्या दगडावर पाणी ओघळतंय आणि छिन्नीच्या कडा अजून बोटाला बोचतात. कुशावर्ताच्या चारी बाजूंनी ओवऱ्या आणि मधे चौकोनी कुंड. होळकरांचे फडणीस पारनेरकर यांनी बांधून काढलेलं. कुंड पाहून तुम्ही चपापता. एवढंसंच? होय, एवढंसंच. एखाद्या मोठ्या वाड्याच्या चौकात मावेल एवढ्या पाण्यात उद्या हजारो जणांना एकाच मुहूर्तावर उतरायचंय.

तिथून डोंगराच्या पायथ्याकडे वळा. ही निवृत्तीनाथांची समाधी. ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ आणि गुरू. त्यांना दीक्षा मिळाली ती गहिनीनाथांकडून, याच ब्रह्मगिरीत. म्हणजे परंपरा शिवाची. आणि त्यांच्या समाधीपुढे आत्ता टाळ वाजतायत ते विठ्ठलाचे. कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, आणि आज सोमवार म्हणून उपास. यात काही विसंगत आहे असं त्या वारकऱ्यांना वाटत नाही. त्यांचा विठोबाच डोक्यावर शिवलिंग घेऊन उभा आहे असं ते मानतात. नरहरी सोनाराची गोष्ट तुम्हालाही ठाऊक आहे: विठ्ठलाचं तोंड बघायचं नाही म्हणून डोळे बांधून करगोट्याचं माप घ्यायला गेला, आणि हाताला लागला तो शंकर. तुमच्या शेजारची म्हातारी ती पहिल्यांदाच ऐकतेय अशी मान डोलावते. मघाशी तिनं एका जटाधाऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं, मग चार पावलांवर एका तुळशीमाळवाल्याच्या. दोघांनीही तिला सारखाच अंगारा दिला. दोघंही उद्या एकमेकांवर धावून जाणार आहेत याची तिला कल्पना नाही. खरं तर त्यांच्यात फरक काय, याचीही नाही.

तुम्ही मात्र तो शिकून घ्या, उद्या कुठल्या बाजूला पळायचं ते ठरवायला उपयोगी पडेल. नीलपर्वताच्या अंगाला उतरलेत ते संन्यासी, दशनामी गोसावी. शिवाचे. नावापुढे गिरी, पुरी, भारती. अंगावर भस्म, आणि भस्माखाली बहुतेकांच्या अंगावर काही नाही. या पावसात ते भस्म टिकत नाही. दर थोड्या वेळानं धुनीतून मूठभर घेऊन फासावं लागतं, आणि ओघळ गेलेले पाय झेब्र्यासारखे दिसतात. दुसरीकडे उतरलेत ते बैरागी. रामानंदी, वैष्णव. कपाळावर उभा टिळा, गळ्यात तुळस, ओठांवर सीताराम. निर्वाणी, दिगंबर आणि निर्मोही अशा तीन अण्यांत ते बांधलेले आहेत, आणि अणी म्हणजे सरळ सरळ फौजेची तुकडी. दोन्हीकडे निशाणं, दोन्हीकडे नगारे, दोन्हीकडे तालमीत घुमलेली शरीरं. भाल्यांना हार घातलेत, हळद-कुंकू लावलंय. धुनीशेजारी तोड्याच्या बंदुका कापडात गुंडाळून ठेवल्यात, दारू ओली होऊ नये म्हणून. तुमच्या मनातला साधू डोळे मिटून झाडाखाली बसलेला असेल तर तो इथे नाही. तो वर डोंगरात कुठेतरी गुहेत असेल, आणि कुंडाच्या मानाशी त्याला काही देणंघेणं नसेल.

आता त्या मोठ्या राहुटीच्या कनातीला कान लावा. आत वाद ब्रह्म सत्य की राम सत्य असा चाललाय असं वाटलं होतं ना? आत हुंड्यांचा हिशेब चाललाय. गोसाव्यांच्या पेढ्या आहेत, रेशमाचा आणि जवाहिराचा व्यापार आहे, सरदारांना कर्ज द्यायची ऐपत आहे. पुण्यात त्यांच्या नावाचा आख्खा गोसावीपुरा आहे. आणि त्याहून मोठा धंदा लढाईचा. ज्याला माणसं हवीत त्यानं पैसे मोजावेत. पानिपतावर मराठ्यांच्या समोरच्या गोटात, शुजाउद्दौल्याच्या निशाणाखाली, नागा गोसाव्यांची पथकं होती. त्यांचा म्होरक्या अनुपगिरी पुढे हिंमतबहादूर झाला, नजफखानाकडे गेला, मग महादजी शिंद्यांकडे आला. शेकोटीभोवती सध्या त्याचीच चर्चा आहे: महादजींना गळवं झाली ती याच्याच जादूटोण्यानं म्हणे, आणि हा पळून पेशव्यांचा सरदार अलीबहादूर याच्या डेऱ्यात लपलाय. सांगणारा तोंड गंभीर ठेवून सांगतो, ऐकणारे मांड्यांवर थापा मारून हसतात.

असा हिशेब मांडला की उद्याची बुडी समजते. पहिल्यांदा कुंडात कोण उतरतं हे देव बघतो की नाही कोण जाणे, पण सावकार बघतो, संस्थानिकाचा वकील बघतो, पुढच्या बारा वर्षांत आखाड्यात पोरगा घालायचा की नाही हे ठरवणारा बापही बघतो. पहिल्या मानाच्या आखाड्याकडे दक्षिणा जाते, जमिनीच्या सनदा जातात, पथकाचा दर चढतो. 1760 च्या हरिद्वारच्या कुंभात संन्याशांनी बैराग्यांना झोडपून काढलं आणि नंतर कित्येक कुंभ त्यांना घाटाच्या जवळ फिरकू दिलं नाही. मेळ्यातली वसुली, चौकी-पहारा, न्यायनिवाडासुद्धा गोसाव्यांच्या हातात गेला. देवाचं नाव घेऊन मिळवलेला तो जकातनाकाच म्हणा. बैरागी ते विसरलेले नाहीत. राहुटीतल्या महंतांनाही ते आठवतंय, म्हणून हुंड्यांबरोबर दारूगोळाही मोजला जातोय.

झोप येणार नाही. रात्रभर नगारे चालू आहेत. एका बाजूचा थांबला की दुसरी बाजू ‘घाबरले’ असं समजेल, म्हणून कुणीच थांबत नाही.

पहाट. म्हणजे काळ्याचं करडं झालं एवढंच. गर्दीनं तुम्हाला उचललंय. पाय जमिनीला लागतायत की नाही ते कळत नाही, कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत आहे आणि कुणाचं तरी ओलं पोर तुमच्या खांद्यावर. वाफ निघतेय सगळ्यांच्या अंगातून. शिंगं वाजतात, शंख वाजतात, आणि मग जमिनीतून एक घुमारा वर येतो तो हत्तीचा. एका गल्लीतून ‘हर हर महादेव’ येतंय, दुसऱ्या गल्लीतून ‘सीताराम’. दोन्ही गल्ल्या कुशावर्ताच्या एकाच दाराशी उघडतात. गावाची रचना करणाऱ्यानं एवढा एक विचार केला असता तर.

आता वर चढा. त्या ओवरीच्या खांबामागे जागा आहे, म्हातारीलाही ओढून घ्या. खाली काय होतंय ते धड दिसत नाही. पावसात भिजलेली निशाणं एकमेकांत गुंतलीत, काठ्या वर जातायत आणि खाली येतायत. पहिला वार कुणी केला? तुमच्या डाव्या बाजूचा माणूस शपथेवर सांगतोय की बैराग्यानं. उजव्या बाजूचा तेवढ्याच शपथेवर सांगतोय की गोसाव्यानं. मग ओल्या दारूचा फुसका आवाज, एक-दोन खऱ्या बंदुकांचे बार, आणि वानरं एकदम सगळी कौलं सोडून डोंगराकडे. लोखंडावर लोखंड. चिमटे वाजतात तसा आवाज, फक्त भजनाचा ठेका नाही. गर्दी मागं सरकू बघते, पण मागच्यांना काय झालंय ते माहीत नाही. ते पर्वणी टळू नये म्हणून पुढेच ढकलतायत. सगळ्यात जास्त भीती तुम्हाला तलवारीची वाटत नाही, या ढकलण्याची वाटते. रक्ताचा वास पावसात लवकर मरतो. दारूचा मरत नाही, तो घशाला चिकटतो. म्हातारी विचारते, “काय झालं रे बाबा, देऊळ पडलं का?”

किती मेले? पेशव्यांच्या दरबारात गेलेल्या तक्रारीचा दाखला देणारा एक ताम्रपट 12,000 साधूंचा आकडा सांगतो. तुम्ही कुंडाचा आकार पाहिलाय, गल्ल्यांची रुंदी अंगानं मोजलीय. मला तो आकडा फिर्यादीतला वाटतो. फिर्यादी कधी आपलं नुकसान कमी सांगत नाही. पण आकडा निम्म्याचा निम्मा केला तरी उरतं ते भयंकरच आहे.

पुण्यात सवाई माधवराव अजून पोरवयाचे, कारभार नाना फडणविसांचा. पेशवे सरकारपुढे हा खटला आला, तेव्हा तिथे कुणी शैव मोठा की वैष्णव मोठा असा खल केला नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं. सरकारनं वाटणी केली. संन्याशांनी त्र्यंबकला कुशावर्तात नाहावं, बैराग्यांनी नाशिकला रामकुंडात. एकाच नदीवर, एकाच सिंहस्थात, मधे अठ्ठावीस-तीस किलोमीटरचं अंतर. भांडणारी भावंडं एकमेकांच्या आवाक्याबाहेर बसवायची, एवढीच युक्ती. इतकी साधी, की ती आजवर टिकली.

तुम्हाला चालवत असेल तर तसेच नाशिकला उतरा. पंचवटीत पाऊस कमी आहे आणि गोदा दुथडी आहे. इथे तिला कुणी गोदा म्हणत नाही म्हणा. ‘गंगेवर जाऊन येतो’ असंच म्हणतात. रंगराव ओढेकरांच्या काळारामाचं काम चाललंय, रामशेजच्या डोंगरातून आणलेला काळा दगड घडवण्याचा टणत्कार गल्लीगल्लीत घुमतोय. नारोशंकराच्या देवळावरची घंटा वाजते, ती तर वसईच्या स्वारीत फिरंग्यांकडून आणलेली. चर्चमधली घंटा महादेवापुढे किती सुरेख वाजते ते ऐका. रामकुंडाच्या काठावरचे दुकानदार मनातल्या मनात खूश आहेत. बैरागी इथे येणार म्हणजे तपोवनात राहुट्या पडणार, म्हणजे पीठ, तूप, लाकूड, सरपण, उधारी. त्र्यंबकचे दुकानदार तेवढेच नाराज आहेत. आणि अजून एक गंमत. बैराग्यांचं रामकुंड, पण त्याच्या वरच्या अंगाला पायऱ्या चढून गेलात की कपालेश्वर, म्हणजे शंकरच. नंदी नसलेला शंकर. पलीकडच्या काठावर सुंदरनारायण, म्हणजे विष्णू. आजही वैकुंठ चतुर्दशीला या दोन देवांची भेट घडवतात, याची तुळस त्याला आणि त्याचा बेल याला. कुठल्या देवानं आधी जायचं यावरून पुजाऱ्यांत हाणामारी झाल्याचं ऐकिवात नाही.

वाटणी मात्र साधूंपुरतीच झाली. म्हातारीला तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही, आणि तिनंही ती मानलेली नाही. त्र्यंबकला ती नाहली होती, धुमश्चक्री सरल्यावर, गढूळ पाण्यात. आता रामकुंडात उतरतेय. तुम्हीही उतरा. पाणी थंडगार आहे, तळाशी पाय घसरतो, साखळी धरा. नाक दाबा. एक. दोन. तीन.

वर आलात की 2027 चा पावसाळा असेल. ध्वनिक्षेपकावर हरवलेल्यांची नावं, ड्रोनची घरघर, काँक्रीटचे घाट. कुशावर्तावर शैव, रामकुंडावर वैष्णव, पेशव्यांनी बसवले तिथेच. आणि वाद? तोही जागेवर आहे, फक्त तलवारी जाऊन निवेदनं आलीत. मेळ्याचं नाव नाशिक-त्र्यंबकेश्वर लिहायचं की त्र्यंबकेश्वर-नाशिक, यावरून 2025 मध्येच साधू-महंतांची विधानं छापून आली. त्र्यंबकच्या आखाड्यांचं म्हणणं, आमचं नाव आधी.